साडेचार तारे, आणि बिल कोणी भरलं?

पुण्यात बेल्जियन विट मिळणं आता अजिबात अवघड नाही. अवघड आहे ते तिच्याबद्दल एक खरं वाक्य मिळणं.

कुठलंही रील उघडा. उंच ग्लासात फिकट पिवळी, ढगाळ बिअर. काठावर खोचलेली संत्र्याची चकती. मागे मावळतीचं ऊन आणि दिव्यांच्या माळा. 'गाइज, पुण्यातली बेस्ट विट सापडली!' पाचपैकी साडेचार तारे. चव कशी, तर 'स्मूथ', 'रिफ्रेशिंग', 'सिट्रसी'. हे तिन्ही शब्द लिंबू सरबताला चालतात आणि अंघोळीच्या साबणालाही चालतात. त्या संध्याकाळचं बिल कोणी भरलं, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं.

आपल्याकडे टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही. म्हणून इतकी वर्षं आपण सोडा, पाण्याच्या बाटल्या आणि म्युझिक सीडी यांच्या जाहिराती बघत आलो. त्या नक्की कशाच्या जाहिराती आहेत हे शाळेतल्या पोरालाही कळायचं. आता तेवढं सोंग काढायचीही गरज उरलेली नाही. आता 'रिव्ह्यू' आहे. समोरच्या दारानं जे आत येऊ शकत नाही ते मागच्या खिडकीतून येतं, हातात पाच तारे घेऊन. आणि आपण त्याला 'लोकांचं मत' म्हणतो.

पोस्ट वाचायच्या आधीच ज्यांची कमेंट टाइप करून झाली आहे, त्यांच्यासाठी थोडं. 'राज्यात एवढे प्रश्न आहेत आणि तुम्हाला बिअर सुचतेय?' हो, सुचतेय. दारू हा या राज्यात सार्वजनिक प्रश्न आहेच. गडचिरोली आणि वर्धा जिल्ह्यांत बंदी आहे, चंद्रपूरमध्ये २०१५ साली लागू केलेली बंदी २०२१ मध्ये उठवली, आणि त्यावरून काय रणं माजली ते सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांना दारू नकोच आहे त्यांनी तर या विषयावर माझ्या आधी ओरडायला हवं. बिअरसाठी वयाची अट २१ आहे. रील बघायला कसलीच अट नाही. सोळा वर्षांच्या मुलाच्या फोनवर ही जाहिरात जाहिरात म्हणून पोचत नाही, 'ताईचं मत' म्हणून पोचते.

दुसरी कमेंट बाईनं बिअरवर लिहिण्याबद्दल असते. ती तुम्ही टाका, मी वाचेन.

तर आता बिअर. कारण ही बिअर नक्की काय आहे हे कळल्याशिवाय तारे खोटे का आहेत ते कळणार नाही.

विट म्हणजे फ्लेमिश भाषेत पांढरा. विटबिअर म्हणजे पांढरी बिअर. बेल्जियमच्या फ्लेमिश भागात हूगार्डन नावाचं गाव आहे, तिथली ही चीज. हिच्यात साधारण निम्मा गहू असतो, आणि तो मोड न आणलेला, म्हणजे कच्चा. उरलेलं बार्लीचं मॉल्ट. मॉल्ट म्हणजे काही परदेशी जादू नव्हे. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो. तोच प्रकार बार्लीवर केला की मॉल्ट. कधीकधी थोडे ओट्स घालतात. मग धने, आणि कडू जातीच्या संत्र्याची वाळवलेली साल. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास.

हो, धने. आपल्या डब्यातले. त्यातही आपल्याकडचे लंबगोल धने बऱ्याच ब्रुअरना गोल धन्यांपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांचा वास लिंबाच्या अंगानं जातो. म्हणजे ही बेल्जियन बिअर चांगली करायला लागणारी एक महत्त्वाची वस्तू मार्केट यार्डात पोत्यानं मिळते. हे सांगायचं कारण पुढे येईल.

ती ढगाळ दिसते ती कच्च्या गव्हातल्या प्रथिनांमुळे, स्टार्चमुळे आणि तळाशी न बसलेल्या यीस्टमुळे. हा दोष नाही, ती तिची ओळख आहे. जर्मन व्हीट बिअर वेगळी. तिच्यात निम्म्याहून जास्त गहू, पण मोड आणलेला, मसाला काहीही नाही आणि यीस्टमुळे येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास. आपल्याकडे दोन्हींना सरसकट 'व्हीट' म्हणतात आणि एकीच्या मापानं दुसरीला मोजतात. बासुंदीला 'श्रीखंडासारखी घट्ट नाही' म्हणून तारे कापावेत तसं.

चांगली विट कशी लागते? नाक आधी. धने ताजे भरडल्यावर येतो तो वास, त्याच्या मागून संत्र्याची साल नखानं सोलताना येतो तो वास. मग कणकेसारखा, ताज्या पावासारखा गव्हाचा भाव. जिभेवर हलकी, रेशमी, पण पाणचट नाही. ताज्या ताकाच्या निवळीत असतो तेवढाच आंबूसपणा. कडूपणा जवळजवळ नाही. आणि शेवट कोरडा. हा शेवट फार महत्त्वाचा. घोट गिळल्यावर तोंडात गोडवा चिकटून राहता कामा नये. पुण्याच्या एप्रिलमध्ये यापेक्षा शहाणी बिअर मला माहीत नाही.

आणि वाईट विट? धने शिळे असले किंवा जास्त झाले की सेलरीचा, उकडलेल्या भाजीचा वास येतो, कधी चक्क हॅमसारखा. संत्र्याच्या सालीचा पांढरा भाग खरवडून काढला नसेल तर घशाशी राहणारा कडवटपणा. आणि सालीऐवजी सिरप ओतलं असेल तर शाळेबाहेरच्या संत्रा गोळीची चव. ही तिसरी चव मी गेल्या वर्षभरात इतक्या ठिकाणी घेतली आहे की आता पहिल्या घोटातच गोळीचा कागद डोळ्यांसमोर येतो. या संत्रा गोळ्यांना किती तारे आहेत ते तुम्हीच जाऊन बघा.

बिअरची गंभीर परीक्षा कशी करतात? अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची गुणपत्रिका जगभरच्या स्पर्धांमध्ये वापरतात. एकूण ५० गुण. वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकूण ठशाला १०. नाव झाकून. परीक्षकाला फक्त प्रकार आणि नमुन्याचा क्रमांक माहीत असतो. ब्रुअरी कोणती हे नाही.

रूपाला ५० पैकी ३. पुन्हा वाचा. आणि आपल्या रीलमध्ये? रूपाला पन्नासपैकी पन्नास, कारण कॅमेऱ्याला नाक नसतं.

ती संत्र्याची चकतीसुद्धा हूगार्डनची परंपरा नव्हे. ती अमेरिकेत रूढ झाली, १९९५ साली आलेल्या ब्लू मून नावाच्या बिअरमुळे. दिसायला छान, म्हणून टेबलावर लोकांचं लक्ष जावं हाच तिचा उपयोग. पण चकती पिळली की सालीतलं तेल बिअरवर पसरतं, फेस बसतो आणि पुढे जो वास येतो तो चकतीचा असतो, बिअरचा नव्हे. म्हणजे बिअरमध्ये संत्रं आहे की नाही हे तपासायचा रस्ताच बंद. वर ग्लास फ्रीझरमधून काढलेला, बाहेरून बर्फाळलेला. इतक्या थंडीत नाकाला काही कळत नाही आणि जीभ बधिर. साडेचार तारे या अवस्थेत दिलेले असतात.

मला तर वेटर न विचारताच विट आणून ठेवतो. 'मॅडम, लेडीजना हीच आवडते, गोड आहे.' त्याचा दोष नाही, त्याला तसं शिकवलंय. पण बघा, ज्या बिअरचा सगळा कस कोरड्या शेवटात आहे, ती आमच्या शहरात 'बायकांची गोड बिअर' म्हणून विकली जाते.

आता यात नुकसान कोणाचं?

माझ्या माहितीतल्या एका छोट्या मायक्रोब्रुअरीत एक तरुण ब्रुअर आहे. नाव सांगणार नाही, त्याची नोकरी आहे. त्यानं सुरुवातीला अगदी साधी, कोरडी विट केली होती. धने स्वतः निवडून आणायचा, भरडायचा त्याच दिवशी. मी ती तीन-चार वेळा प्यायले, दर वेळी पैसे देऊन. ऑनलाइन तिला शेरे काय मिळाले? 'पाणचट.' 'गढूळ आहे, फिल्टर करत नाहीत का?' 'केळ्याचा फ्लेवर मिसिंग.' आणि सगळ्यात लाडका शेरा, 'चढत नाही.' तारे साडेतीनच्या वर सरकेनात. मालकानं कागद पुढे ठेवला, बाजूच्या गल्लीतल्या विटला चारच्या वर आहेत आणि तिथे रोज कोणीतरी इन्फ्लुएन्सर बसलेला असतो. झालं. संत्र्याचं सिरप आलं, शेवट गोड झाला, चकती आली, एका शनिवारी आठ-दहा रीलवाल्यांना जेवण झालं. महिन्याभरात तारे वर. लोक खूश आहेत, फक्त तो स्वतः ती पीत नाही, असं तो हसत सांगतो. मला ते हसणं बघवत नाही.

हे नुकसान मला खरं वाटतं. दारूबंदीवाले म्हणतील, एक बिअर बिघडली तर काय बिघडलं. पण ज्या धंद्यात परवाना, शुल्क, भाडं हे सगळं डोंगराएवढं आहे, तिथे छोट्या माणसाकडे एकच भांडवल असतं, की माझा माल चांगला आहे. ते भांडवल विकत घेतलेल्या ताऱ्यांपुढे शून्य होतं. आणि ग्राहक? त्यानं तीन-चारशे रुपये मोजलेले असतात. नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झालाय, तोही तोच भरतो. बदल्यात त्याला मिळते संत्रा गोळी.

कोणी म्हणेल, रीलवाल्यांचं सोडा, जगात बिअरची गंभीर रेटिंगं होतातच की. होती. एक गोष्ट ऐका.

रेटबिअर नावाची एक जागा होती. २००० साली सुरू झालेली. जगभरचे लोक तिथे बिअर पिऊन गुण द्यायचे आणि नुसते तारे नाही, वास, रूप, चव, पोत, एकूण असे वेगवेगळे, सोबत लिहून कारणं. तिचेही दोष होते. वरच्या याद्या जड, काळ्या, जास्त अल्कोहोलच्या इम्पीरियल स्टाउटनी भरलेल्या असायच्या आणि विटसारखी सौम्य बिअर मागे पडायची, कारण वेगवेगळ्या प्रकारांना एकाच मैदानात पळवलं की दांडगा जिंकतो. तरीही लाखो नोंदी होत्या, आणि त्या पिणाऱ्यांच्या होत्या.

२०१७ मध्ये बाहेर आलं की या जागेत झेडएक्स व्हेंचर्स नावाच्या कंपनीनं आधीच हिस्सा घेतलेला आहे. झेडएक्स व्हेंचर्स कोणाची? एबी इनबेव्हची. एबी इनबेव्ह म्हणजे जगातली सगळ्यात मोठी बिअर कंपनी. तेव्हा डॉगफिश हेड या अमेरिकन ब्रुअरीचे संस्थापक सॅम कॅलाजिओनी यांनी जाहीर मागणी केली की आमच्या बिअर तुमच्या यादीतून काढा. परीक्षा देणाऱ्यानंच परीक्षा मंडळ विकत घेतलं, मग पेपर कशाला लिहायचा? २०१९ मध्ये उरलेला हिस्साही कंपनीनं घेतला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती जागा बंद झाली. पाव शतकाच्या नोंदी होत्या. लोकांनी फुकट लिहिल्या होत्या, मालकी मात्र दुसऱ्याची होती.

गंमत पुढे आहे. हूगार्डन ही बिअर कोणाची? त्याच कंपनीची.

त्या गावात पूर्वी तीसेक ब्रुअऱ्या होत्या. शेवटची १९५७ मध्ये बंद पडली आणि विट हा प्रकारच संपला. पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्यानं, जो पोरवयात शेजारच्या ब्रुअरीत हाताशी असायचा, १९६६ मध्ये आठवणीतून ती परत उभी केली. आज पुण्यापासून पोर्टलंडपर्यंत जी 'बेल्जियन विट' विकली जाते ती सगळी या एका माणसाच्या आठवणीची पिल्लं. १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली, मदतीला मोठी कंपनी आली आणि मदतीबरोबर मालकीही आली. सेलिस बाहेर पडला, अमेरिकेत टेक्सासला गेला, १९९२ मध्ये तिथे पुन्हा आपली विट सुरू केली. तिथेही मोठ्या कंपनीनं हिस्सा घेतला आणि पुढे ती ब्रुअरी बंद केली. इकडे बेल्जियममध्ये इनबेव्हनं २००५ मध्ये जाहीर केलं की हूगार्डन गावातलं उत्पादन बंद करून ते दुसऱ्या शहरात, जुपिलला नेणार. म्हणजे हूगार्डनमध्ये हूगार्डन बनणार नाही. लोक रस्त्यावर आले, आणि २००७ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला.

त्या गावाला नाव राखता आलं. 'बेल्जियन-स्टाइल' या शब्दांना मात्र कसलंच कुंपण नाही. कोणीही, कुठेही, काहीही ओतून वर हे लिहू शकतो. आपण मराठी लोक हापूसच्या बाबतीत किती हळवे आहोत आठवा. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले, आणि रस्त्यावर कर्नाटकचा आंबा 'रत्नागिरी' म्हणून दिसला की आपला आवाज चढतो. चढलाच पाहिजे. मग गव्हाच्या बिअरच्या नावावर संत्र्याचं सिरप विकलं जातं तेव्हा आपण तारे का देतो? विट पुण्यात होऊ नये असं मी म्हणत नाही. उलट धने आपले आहेत, गहू आपला आहे, उत्तम होऊ शकते. 'बेल्जियन' म्हणण्यापुरतं बेल्जियमनं जे शिकवलं ते तरी करा, एवढंच.

कंपन्या कशा वागतात याचा आपल्या घरचा नमुनाही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडिया यांना बिअरच्या किमती संगनमतानं ठरवल्याबद्दल एकूण सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड केला. वर्षं कोणती? २००९ ते २०१८. राज्यं? महाराष्ट्रासह अनेक. संगनमतात तिसरी कंपनीही होती, एबी इनबेव्ह. तिनंच आयोगाकडे जाऊन माहिती दिली म्हणून तिला दंड पूर्ण माफ झाला. हा आदेश २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानंही कायम ठेवला. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं तुम्ही आम्ही जी किंमत 'बाजारभाव' समजून मोजली तिच्यात बाजार किती होता, हा प्रश्नच आहे. किमतीत हे झालं असेल तर ताऱ्यांत होणार नाही असं कशावरून?

आता कायदा. यातला एक भाग मला फार आवडतो.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात मद्याची जाहिरात करायला बंदी होतीच, पण मद्याची स्तुती करायलाही बंदी होती. याविरुद्ध बलसारा नावाचे एक नागरिक न्यायालयात गेले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नुसत्या स्तुतीवर बंदी घालणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे. तो भाग रद्द झाला. तर मंडळी, 'ही विट फक्कड आहे' असं म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि तो मुंबई राज्याच्या खटल्यातून आलेला आहे. मी या पोस्टमध्ये तोच वापरतेय.

पण स्तुती वेगळी आणि विकलेली स्तुती वेगळी. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. आडून केलेल्या जाहिरातींना त्यात मनाई आहे, आणि शिफारस करणाऱ्याचं कंपनीशी काही नातं असेल तर ते उघड करायची सक्ती आहे. जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी सोप्या भाषेत पुस्तिका आली. तिच्यात स्पष्ट आहे की नातं म्हणजे फक्त रोख पैसे नव्हेत. फुकट वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, भेट, सगळं त्यात येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानकही निघालं, आयएस १९०००. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्याचं काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच.

आणि इथे खरी मेख आहे. कपड्यांची, क्रीमची रील करणारा माणूस खाली 'पेड पार्टनरशिप' लिहून मोकळा होतो. बिअरवाला लिहू शकत नाही. लिहिलं तर ती मद्याची जाहिरात ठरते आणि दुसऱ्या नियमात अडकते. न लिहिलं तर ग्राहकाची फसवणूक. म्हणून कोणीच काही लिहीत नाही आणि सगळे 'मनापासून' बोलतात. म्हणजे जिथे उघड सांगायची गरज सगळ्यात जास्त, तिथेच न सांगण्याचं सगळ्यात मोठं कारण. राज्य उत्पादन शुल्क विभाग परवान्याचे कागद तपासतो, वेळ तपासतो. हे कोण तपासतं?

'छोट्या पेजवाल्यांच्या पोटावर का पाय देता?' असं एका ओळखीच्यानं मला आधीच विचारलंय. माझ्या फॉलोअरांची संख्या तुम्हाला माहीत आहे, लग्नाच्या एका पंगतीत मावेल. तरी मलाही मेसेज येतात. मॅम, कोलॅब करूया, दोघांचं टेबल आमच्याकडून, फक्त एक रील आणि एक गुगल रिव्ह्यू. मला येतात तर लाखवाल्यांना काय येत असेल? मी त्या पोरांना चोर म्हणत नाही. जेवण घ्या, रील करा. फक्त 'आजचं टेबल हॉटेलकडून होतं' एवढं एक वाक्य मोठ्यानं म्हणा आणि तारे देऊ नका. वर्णन करा, तारे नकोत. पाहुण्यानं यजमानाच्या घरी जेवून पंगतीतच गुण द्यायचे नसतात, हे आपल्याला आईनं शिकवलेलं आहे.

ब्रुअऱ्यांकडूनही फार काही नको. फळ्यावर बिअरच्या नावाखाली जसं 'एबीव्ही' लिहिता तसं केग कधी भरली ती तारीख लिहा. विट ही मुरवायची बिअर नाही, ताजी असतानाच तिचा वास असतो, त्यामुळे तारीख हीच अर्धी परीक्षा. आत साल आहे की सिरप, ते लिहा. सिरप असेल तर असू दे, 'ऑरेंज व्हीट' म्हणा, मी एक अक्षर बोलणार नाही. ग्लास बर्फाळलेला नको म्हटलं तर तोंड वाकडं करू नका. आणि चकती वेगळ्या बशीत द्या.

पिणाऱ्यांसाठी एक खेळ आहे, ब्रुअऱ्यांमध्ये खरोखर वापरतात. तीन ग्लास घ्या. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. ओतणारा वेगळा, पिणारा वेगळा. वेगळा ग्लास ओळखायचा. ज्याला ओळखता आला नाही त्यानं त्या संध्याकाळी तारे द्यायचे नाहीत. करून बघा. बरेच आवाज खाली येतात.

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून माझी परवाची नोंद जशी वहीत आहे तशी खाली देते. ब्रुअरीचं नाव देत नाही. दिलं तर सगळी कमेंट नावावर जाईल आणि ही नोंद फक्त पद्धतीचा नमुना म्हणून आहे.

बेल्जियन विट, टॅपवरची. किंमत ३४० रुपये अधिक कर, पैसे माझे. ओळखीचं कोणी नाही. साधा ग्लास मागून घेतला, चकती बाजूला काढली, दहा मिनिटं थांबले. रूप: फिकट गवती रंग, छान ढग, फेस दाट पण लवकर बसला नाही, ३ पैकी ३. वास: संत्रं भरपूर, धने शोधावे लागले, गहू मागून आला, १२ पैकी ७. चव: सुरुवात चांगली, मध्येच गोडवा वर आला आणि शेवटपर्यंत गेला नाही, आंबूसपणा नाहीच, २० पैकी ११. पोत: मऊ, हलका, बुडबुडे नीट, ५ पैकी ४. एकूण: एक ग्लास संपवला, दुसरा मागवावासा वाटला नाही, १० पैकी ६. बेरीज ५० पैकी ३१. केग कधी भरली असं विचारलं. वेटरनं आत जाऊन मॅनेजरला विचारलं, मॅनेजर बाहेर आला आणि म्हणाला, मॅडम, रिव्ह्यू टाकणार असाल तर डेझर्ट आमच्याकडून.